पासपोर्ट बदलला, क्लब विरले : अराता इझुमीच्या कारकिर्दीचा धडा

- आमच्या प्रतिनिधीकडून

पवनी - भारतीय फुटबॉलचे नष्टचर्य संपावे कसे, या प्रश्नाला अलीकडे एक सोपे उत्तर सापडले आहे. परदेशात जन्मलेले, तेथील क्लबमध्ये घडलेले भारतीय वंशाचे खेळाडू आणा आणि त्यांना भारताचा गणवेश द्या, असे हे उत्तर होय. जुलै २०२३ मध्ये फिफाच्या क्रमवारीत ९९ व्या स्थानी असलेला भारत जुलै २०२५ मध्ये १३३ व्या स्थानावर घसरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव पत्करावा लागला आणि २०२७ च्या आशियाई करंडकाचे दारही बंद झाले. त्यानंतरच्याच महिन्यात बंगळूर एफसीचा ऑस्ट्रेलियन खेळाडू रायन विल्यम्स याने आपला पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि या चर्चेला नवे बळ मिळाले. विल्यम्सची आई मूळची मुंबईची, तर आजोबा १९५० च्या दशकात संतोष करंडक स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले. साहजिकच महाराष्ट्रातील क्रीडारसिकांनी या बातमीचे विशेष कौतुक केले.

तथापि, महाराष्ट्राला हा प्रयोग नवा नाही. एका तपाहून अधिक काळापूर्वी पुण्याच्या बालेवाडीत खेळणाऱ्या एका मध्यरक्षकाने हीच वाट चोखाळली होती. त्याचे नाव अराता इझुमी. भारतीय नागरिक म्हणून नोंदलेले नाव नीलकंठ खंभोळजा. त्याच्या कारकिर्दीकडे आज मागे वळून पाहिले, तर चर्चेचा रोख किती चुकीच्या दिशेने आहे, हे ध्यानात येते. खेळाडूने पासपोर्ट सोडावा की नाही, एवढ्यावरच आपण वाद घालत आहोत. पासपोर्ट सोडून आलेल्या खेळाडूला, आणि जो कधी कोठे गेलाच नाही अशा येथील मुलालाही, आपण खेळायला क्लब देणार आहोत का, हा खरा प्रश्न आहे.

जपानचा इझुमी, पुण्याचा अराता

अराताचा जन्म ३१ जुलै १९८२ रोजी जपानमधील शिमोनोसेकी येथे झाला. आई जपानी, वडील गुजराती. फुटबॉलचे सारे शिक्षण जपानमध्ये झाले. सिंगापूरमधील अल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबच्या शाखेतून खेळल्यानंतर २००६ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला. तेथून मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे आणि २००९ मध्ये पुणे एफसीकडे. भारतात फुटबॉलपटूला खरा जम बसवायचा असेल, तर कोलकाता किंवा गोवा गाठावे, असा तो काळ होता. अराताची फुलण्याची वर्षे मात्र महाराष्ट्रात गेली.

पुणे एफसी हा अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला क्लब. पाठीशी शंभर वर्षांची परंपरा नव्हती, की मैदानात लाखभर प्रेक्षकही नव्हते. तरीही आय-लीगच्या वरच्या गटातील पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, या संघाने तिसरे स्थान पटकावले आणि २०१२-१३ मध्ये तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ उपविजेता ठरला. या वाटचालीत अराता संघाच्या मधल्या फळीचा आधार होता. चेंडूवरचा ताबा, दोन्ही पायांनी खेळण्याची तयारी, बचावपटूंमधील मोकळी जागा हेरून योग्य क्षणी पुढे सरकण्याची हातोटी या त्याच्या जमेच्या बाजू. भारतीय मध्यरक्षकांवर धावपळीचा आरोप होत नाही, आरोप होतो तो चेंडू पायाशी आल्यावर होणाऱ्या घाईचा. अराताला ती घाई नव्हती.

एक अडचण मात्र होती. तो जपानी पासपोर्टवर खेळत असल्याने क्लबच्या दफ्तरी परदेशी ठरत होता. संघातील परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांपैकी एक जागा त्याला द्यावी लागे. भारताकडून खेळण्याचा तर प्रश्नच नव्हता. दोन्ही देशांच्या कायद्यांत दुहेरी नागरिकत्वाला जागा नसल्याने त्याच्यापुढे एकच मार्ग उरला, तो म्हणजे जपानचे नागरिकत्व सोडण्याचा. त्याने तो पत्करला. २०१३ च्या आरंभापर्यंत सारे सोपस्कार पार पडले आणि फेब्रुवारीत कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण लढतीत त्याने भारताकडून पदार्पण केले. प्रशिक्षक होते हॉलंडचे विम कोव्हरमन्स. भारताने तो सामना २-४ असा गमावला.

त्या वेळी अराताचे वय तीस वर्षे होते. त्याच्या वाट्याला आंतरराष्ट्रीय सामने आले ते मोजकेच, आणि पुढच्या वर्षभरातच त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीवर पडदा पडला. म्हणजे भारतात खेळत असलेला, भारतीय पित्याचा हा मुलगा ऐन उमेदीची वर्षे कागदपत्रांच्या प्रतीक्षेत घालवत होता आणि कागद हाती आले तेव्हा उमेदीचा काळ सरत आला होता.

कायद्याची चौकट

हे असे का झाले, हे समजून घेण्यासाठी कायदा पाहावा लागेल. राज्यघटनेच्या नवव्या कलमाची आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारी व्यक्ती भारतीय नागरिक राहत नाही. २००५ नंतर रूढ झालेले ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ अर्थात ओसीआय कार्ड नावात नागरिकत्व मिरवत असले, तरी ते प्रत्यक्षात आजीवन प्रवेशाचा परवाना आहे. त्यावर मतदान करता येत नाही आणि देशाकडून खेळताही येत नाही.

खेळांच्या बाबतीत हे नेहमीच इतके काटेकोर नव्हते. प्रकाश अमृतराज अमेरिकी पासपोर्ट बाळगून डेव्हिस करंडकात भारताकडून खेळला होता. शिखा उबेरॉय, सुनीता राव यांनीही टेनिसमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. २००८ च्या अखेरीस केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ही मोकळीक बंद केली. भारताकडून खेळायचे असेल तर भारतीय पासपोर्टच हवा, हा दंडक झाला. या धोरणाला न्यायालयात आव्हान देण्यात आले. तथापि दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले.

येथे एक बाब नीट लक्षात घेतली पाहिजे. फिफाचा नियम दुहेरी नागरिकत्वाच्या आड येत नाही. संबंधित देशाचे नागरिकत्व असावे आणि आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा तरी त्या देशात जन्म झालेला असावा, वा खेळाडूने तेथे ठरावीक काळ वास्तव्य केलेले असावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. त्यामुळे आपल्या मार्गातील अडसर जागतिक नसून घरचा आहे. तो चुकीचाच आहे, असे कोणी म्हणणार नाही. एकनिष्ठ नागरिकत्वाची कल्पना हा या प्रजासत्ताकाचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे आणि फुटबॉलच्या निकालांसाठी तो बदलावा, ही मागणी संसदेत टिकणे कठीण. परंतु त्या निर्णयाची किंमत काय, हे तरी आपल्याला ठाऊक असावे.

वयाची चाळणी

ही किंमत वयाच्या रूपाने मोजावी लागते. युरोपात खेळणाऱ्या बाविशी-पंचविशीच्या खेळाडूच्या दृष्टीने तेथील पासपोर्ट ही भावनेची बाब नसते, तो रोजीरोटीचा परवाना असतो. तो सोडला की त्याच क्लबमध्ये खेळण्यासाठी व्हिसा आणि कामाचा परवाना यांच्या खेपा सुरू होतात. करिअर भरात असताना हे पाऊल कोण उचलेल? उचलेल तो असा खेळाडू, ज्याचा बहुतेक प्रवास झाला आहे आणि ज्याची उरलेली वर्षे भारतीय क्लबमध्येच जाणार आहेत. अराताने पदार्पण केले तिसाव्या वर्षी. रायन विल्यम्सने नागरिकत्व घेतले बत्तिसाव्या वर्षी. हा योगायोग नव्हे. आपले धोरण चाळणीप्रमाणे काम करते. तरुण खेळाडू पलीकडेच राहतात आणि उतारवयाला लागलेले तेवढे आपल्या हाती येतात.

शेजारच्या बांगलादेशशी तुलना केली, तर हे अधिक उघड होते. अराताने भारताकडून पदार्पण केले त्याच २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये जन्मलेला मध्यरक्षक जमाल भुयान बांगलादेशकडून प्रथम खेळला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पुढे तो दीर्घकाळ त्या संघाचा कर्णधार राहिला. बांगलादेशचा कायदा अनेक देशांच्या बाबतीत दुहेरी नागरिकत्वाला मुभा देतो. त्यानंतरची मोठी भर म्हणजे हमझा चौधरी. इंग्लंडमधील लफबरोत जन्मलेला, बांगलादेशी आई आणि ग्रेनेडाचे मूळ असलेले वडील यांचा हा मुलगा लेस्टर सिटीच्या मधल्या फळीत घडला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून खेळला. २५ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे भारताविरुद्धच त्याने बांगलादेशकडून पदार्पण केले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० असे नमविले. भारतावरील त्यांचा हा २२ वर्षांतील पहिला विजय. या सामन्यासाठी विल्यम्स भारतीय पथकाबरोबर होता, पण ऑस्ट्रेलियन महासंघाचे ना-हरकत पत्र वेळेत न आल्याने त्याला खेळता आले नाही. कागदपत्रांनी अराताला वर्षानुवर्षे थांबवले, विल्यम्सला निदान त्या सामन्यापुरते. प्रशासन किती बदलले, याचा अंदाज त्यावरून करावा.

रक्त की मैदान?

असे असले, तरी बांगलादेशचे अनुकरण हाच उपाय, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. आग्नेय आशियात या मार्गाचा दुसरा टोकाचा अनुभव आला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये फिफाने मलेशियाच्या सात परदेशस्थ खेळाडूंना बनावट कागदपत्रांच्या प्रकरणी १२ महिन्यांसाठी निलंबित केले आणि तेथील महासंघालाही दंड ठोठावला. आजी-आजोबांचा जन्म कोठे झाला, याचेच दाखले बदलले गेल्याचा ठपका होता. वंशावळ हीच पात्रता ठरली की वंशावळी तयार करणारेही निर्माण होतात. इंडोनेशियाने नेदरलँड्समध्ये घडलेल्या खेळाडूंच्या बळावर मोठी मजल मारली, पण २०२६ च्या विश्वचषकाचे दार त्यालाही उघडता आले नाही. उलट जेमतेम दीड लाख वस्तीचे कुरासाओ नेदरलँड्समध्येच घडलेल्या खेळाडूंसह विश्वचषकासाठी पात्र ठरले.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र आहे. खेळाडूच्या नसांत कोणते रक्त आहे, यावर त्याचा दर्जा ठरत नाही. तो कोणत्या मैदानावर वाढला, यावर ठरतो. २००६ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या पथकात असलेला मध्यरक्षक विकाश धोरासू याचे पूर्वज मॉरिशसमार्गे गेलेले भारतीय. पण तो घडला ल हाव्ह्रच्या अकादमीत. न्यूझीलंडचा सरप्रीत सिंग पंजाबी कुटुंबातला, वाढला ऑकलंडमध्ये आणि पोचला थेट बायर्न म्युनिकपर्यंत. भारतीय शरीराला फुटबॉल झेपत नाही, ही आपल्याकडची आवडती सबब या दोन नावांपुढे टिकत नाही. कमतरता शरीरात नाही, व्यवस्थेत आहे. मग ती व्यवस्था आपल्याकडे कशी आहे?

क्लब कोठे गेले?

येथे पुन्हा अराताच्या कारकिर्दीकडे यावे लागते. महाराष्ट्रातील ज्या क्लबांनी त्याला घडवले वा सांभाळले, त्यांची यादी करावी. महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीने २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. इंडियन सुपर लीगमध्ये अराता २०१५ ला कोलकात्याकडून आणि २०१६ ला एफसी पुणे सिटीकडून खेळला. २०१४ मध्ये जन्मलेला हा पुणे सिटी क्लबही २०१९ मध्ये लयाला गेला. मधल्या काळात पुण्याच्याच डीएसके शिवाजीयन्सने आय-लीगमध्ये पाय ठेवला आणि दोन हंगामांत काढूनही घेतला. एका खेळाडूच्या कारकिर्दीच्या आवाक्यात महाराष्ट्रातील इतके व्यावसायिक क्लब उदयास यावेत आणि नाहीसे व्हावेत, ही साधी गोष्ट नव्हे. अराताने आपले राष्ट्रीयत्व बदलले ते कायमचे. त्याला आपले म्हणणारे क्लब मात्र चार-आठ वर्षांचे सोबती ठरले.

क्लब बंद होतो तेव्हा केवळ अकरा खेळाडूंचा रोजगार जात नाही. त्याच्या अकादमीचा जिना मोडतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचा मार्ग पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुणे एफसीच्या अकादमीत आणि तेथून राष्ट्रीय संघाकडे गेला होता. तो ज्या पायरीवरून चढला, ती पायरी त्याच्या मागून येणाऱ्या मुलाला सापडणार नाही. कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या शहराची ही स्थिती, तर इतरांचे काय?

देशपातळीवरही चित्र आश्वासक नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातील करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्या अनिश्चिततेत इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांना १४ फेब्रुवारीची तारीख जाहीर करावी लागली. दरम्यान, दोनदा लीगचे विजेतेपद पटकावणाऱ्या मुंबई सिटीमधून सिटी फुटबॉल समूहाने डिसेंबर २०२५ मध्ये अंग काढून घेतले. परदेशातील एखाद्या तरुणाला आपण जेव्हा म्हणतो की, ‘पासपोर्ट सोड आणि ये,’ तेव्हा त्याने उलट विचारावे, ‘आलो तर खेळू कोठे?’ या प्रश्नाला महासंघाकडे ठाम उत्तर असायला हवे.

पवनीहून पाहताना

हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता मर्यादित नाही. वैनगंगेच्या काठी, प्राचीन स्तूपांच्या अवशेषांसाठी आणि अलीकडे गोसेखुर्द धरणासाठी ओळखल्या जाणाऱ्या पवनीसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले, तर तो अधिक धारदार होतो. येथील शाळकरी मुलाने फुटबॉलमध्ये काही करून दाखवायचे ठरवले, तर त्याच्यापुढे शालेय स्पर्धांची शिडी असते. तालुका, मग जिल्ह्याचे ठिकाण भंडारा, मग नागपूर विभाग, मग राज्य. सुब्रतो करंडकाची वाटही अशाच टप्प्यांनी दिल्लीपर्यंत जाते. या शिडीवर एक पराभव झाला की वर्ष संपले. वयोगट ओलांडला की स्पर्धाच संपली. वर्षभर सामने, पगारी प्रशिक्षक आणि वरच्या संघाकडे जाणारा दरवाजा हे तिन्ही देऊ शकते ती क्लबची अकादमी. तीच येथून शेकडो किलोमीटर दूर असते आणि तेथेही टिकेल याची शाश्वती नसते.

सप्टेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ राबविले होते. विश्वचषकाच्या स्वागतासाठी एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, ही कल्पना. शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले, छायाचित्रे झळकली. उपक्रमाचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु त्यानंतर दोनच वर्षांत पुणे सिटी बंद झाला. चेंडू गावोगावी पोचले आणि चेंडूमागे धावणाऱ्या मुलाला पुढे न्यायचे ते दार पुण्यात बंद झाले. विदर्भात नागपूरला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलच्या आधारे उभे करणारी विजय बारसे यांची चळवळही याच शहरात २००१ मध्ये सुरू झाली आणि जगभर नावाजली गेली. माणसे आहेत, हौस आहे, मुले आहेत. नाही ती या सर्वांना जोडणारी, वर्षानुवर्षे टिकणारी साखळी.

पुढे काय?

या पार्श्वभूमीवर भारतीय वंशाच्या खेळाडूंचे स्वागत करू नये, असे म्हणणे संकुचितपणाचे ठरेल. अराताने भारतीय फुटबॉलचे नुकसान केले नाही, भरच घातली. ज्याने आपले जन्माचे नागरिकत्व सोडले, त्याच्या निष्ठेवर शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. उलट, हे दार उघडे ठेवायचे असेल, तर ते वेळेवर उघडले पाहिजे. विद्यमान कायद्यातही पाच वर्षे ओसीआय कार्ड असलेल्या आणि बारा महिने येथे वास्तव्य केलेल्या व्यक्तीला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. महासंघाने सोळा-अठरा वर्षांच्या मुलांशी आताच संपर्क ठेवला, त्यांची कार्डे आणि कागदपत्रे आधीपासून तयार ठेवली, तर निर्णय विशीत घेता येईल, तिशीत नव्हे. यासाठी घटनादुरुस्ती नको, दफ्तरातील शिस्त हवी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट क्लबांची. राज्यातील उद्योगसमूह क्लब काढतात आणि नफा दिसला नाही की बंद करतात, यात त्यांना दोष देऊन भागणार नाही. क्लब बंद झाला तरी त्याची अकादमी आणि तेथील मुले वाऱ्यावर पडणार नाहीत, अशी अट परवान्यातच घालता येईल. क्रीडा प्रबोधिनी, विभागीय क्रीडा संकुले आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन यांनी मिळून नागपूर, अमरावती, औरंगाबादचे नाव बदललेले छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी वर्षभर चालणाऱ्या वयोगटांच्या लीग सुरू केल्या, तर भंडाऱ्याच्या मुलाला पुण्याची वाट पाहावी लागणार नाही. खर्च फार मोठा नाही. सातत्य मात्र मोठे लागेल.

अराता इझुमी २०१७-१८ च्या हंगामात केरळ ब्लास्टर्सकडून खेळला. खेळणे थांबविल्यावर त्याने जपानची वाट धरली नाही. नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीत तो कुमारांचा प्रशिक्षक झाला. ज्या देशाने त्याच्या उमेदीची वर्षे कागदांत अडकवली, त्याच देशाच्या मुलांना त्याने चेंडू पायाशी आल्यावर घाई न करण्याचा धडा दिला. भारतीय फुटबॉलला त्याच्या नऊ-दहा सामन्यांपेक्षा या कामाचा उपयोग अधिक होईल. त्याने आपला पासपोर्ट दिला. त्याच्या हाताखालून घडलेल्या मुलांना खेळायला क्लब देणे, हे आता आपले काम आहे.